डोंगर राखायचा, शेळीही राखायची
(ग्रामसंघाच्या मासिक सभेत झालेले बोलणे)



आज शेळीवर बोलायचं आहे. तिच्या बाजारभावावर नाही, तिच्या पायाखालच्या जमिनीवर. आपल्या गटांतल्या कितीतरी जणींनी पहिलं कर्ज शेळीसाठीच उचललं. गरिबाची गाय म्हणतात तिला, ते खरंच आहे. तेव्हा शेळीला नावं ठेवायला मी उभी नाही.

पण डोंगराकडे बघा. पहिला पाऊस पडला की गवताचं कोवळं पातं वर येतं आणि त्याच आठवड्यात जनावरं तिथं शिरतात. पातं तेव्हा मुळातल्या साठ्यावर वाढत असतं. तेच खुडलं की मूळ कमजोर होतं. बी धरायच्या आधीच गवत संपलं, तर पुढच्या वर्षी उगवणार काय? मारवेल, पवन्या कमी होतात, टाकळा माजतो. ओल्या मातीवर खुरं पडून ती घट्ट होते. मग पाणी जिरत नाही, माती घेऊन खाली पळतं आणि पाझर तलावात गाळ बसतो. उन्हाळ्यात विहीर तळ गाठते, तेव्हा हंडा घेऊन लांब कोण जातं? आपणच.

चंदीगडच्या सुखना तलावाचं असंच झालं. १९५८ साली बांधलेला तलाव काही वर्षांतच गाळानं भरत चालला. गाळ येत होता शिवालिकच्या उघड्या डोंगरांवरून. त्याच डोंगरांच्या पायथ्याला हरियाणातलं सुखोमाजरी गाव. १९७० च्या दशकात तिथं मातीचे छोटे बांध घातले. गावानं डोंगरावर जनावरं सोडणं थांबवलं आणि बांधाच्या पाण्यात प्रत्येक घराला सारखा वाटा ठेवला, जमीन नसलेल्या घरालासुद्धा. डोंगर परत हिरवा झाला. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनंही १९९४ पासून आदर्श गाव योजनेत चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली. तिथं गवत वाढलं, तसं दूधही वाढलं.

आता मुद्द्याचं बोलते. चराईबंदीचा ठराव ग्रामसभेत पाच मिनिटांत होतो. ज्याच्या बांधावर चारा आहे, त्याला काही फरक पडत नाही. पण जिच्याकडे गुंठाभर जमीन नाही, तिनं शेळ्या न्यायच्या कुठं? ती शेळ्या विकते, हप्ता थकतो आणि आपणच तिला थकबाकीदार म्हणतो. म्हणून सुखोमाजरीकडून एवढं घ्या: वाटा आधी, बंदी नंतर.

ठरावात या गोष्टी लिहून घ्या:

१. सगळा डोंगर एकदम बंद नको. तीन भाग करा. एक भाग पावसाच्या सुरुवातीपासून गवताचं बी पडेपर्यंत बंद. दरवर्षी भाग बदला.

२. बंद भागातलं गवत विळ्यानं कापून न्यायचा पहिला हक्क भूमिहीन बायकांचा.

३. मोठ्या शेळीला दिवसाला साधारण ३ ते ४ किलो हिरवा चारा लागतो. शेवरी, हडगा, सुबाभूळ आधी लावा. झाडं कापणीला आली की मगच शेळ्या बांधा. आणि चाऱ्याचा भारा फक्त बाईच्याच डोक्यावर नको, घरातल्या पुरुषांनीही आणावा.

४. पिण्याच्या पाण्यात जनावरं उतरू देऊ नका. शेण-मूत त्याच पाण्यात जातं. त्यांच्यासाठी वेगळा हौद बांधा.

५. दरवर्षी येणाऱ्या मेंढपाळांना विचारल्याशिवाय वाट बंद करू नका. शेतात मेंढ्या बसवल्या की खत मिळतं, हे आपल्याला नवीन नाही.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची, असा कायदाच आहे. ती कागदावर उरकू देऊ नका. शेळ्या असलेल्या, जमीन नसलेल्या बाईला सोबत न्या आणि हा विषय तिलाच मांडू द्या. डोंगर कसा राखायचा, हे रोज तिथं जाणारीला जास्त कळतं.

पावसाला अजून वेळ आहे. ठराव त्याच्या आधी झाला पाहिजे.