हत्यारांना घर



खंडेनवमीच्या दिवशीं आपण हत्यारांची पूजा करतों. सुतार रंध्याला व करवतीला गंधफूल वाहतो, आणि पांढरपेशा गृहस्थही अडगळींतून एखादी हातोडी व पकड शोधून काढून पाटावर मांडतो. परंतु दुसऱ्या दिवशीं तीं पुन्हां गोणपाटांत जातात. पावसाळ्यांत त्यांच्यावर गंज चढतो, आणि पुढें केव्हां तरी तीं भंगारवाल्याच्या तराजूंत लोखंडाच्या भावानें तोललीं जातात. त्यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट घराबाहेर जाते, तिचें मोल तराजूंत येत नाहीं. ती म्हणजे मोडलेली वस्तु आपल्या हातांनीं नीट करण्याची संवय.

ही संवय शिक्षणाचेंच अंग आहे. ऊनो सिग्नेउस यांच्या आग्रहानें फिनलंडमध्यें १८६६ सालीं हस्तव्यवसाय प्राथमिक शाळांत आवश्यक झाला. आपल्याकडे १९३७ सालच्या वर्धा येथील शिक्षणपरिषदेंत गांधीजींनीं हाताच्या उद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानीं बसविण्याचा विचार मांडला. शाळेंत तें किती साधलें हा प्रश्न निराळा. घरीं मात्र तें साधणें आपल्या हातीं आहे. त्यासाठीं मोठी जागा लागत नाहीं. मोटारीच्या गॅरेजचा एक कोपरा आणि एक फिरती मांडणी पुरे.

फिरती अशासाठीं, कीं ती जागा मुळांत मोटारीची. मोटार बाहेर काढली म्हणजे मांडणी मध्यें ओढावी. काम संपलें कीं भिंतीशीं लोटावी. मांडणी करण्यापूर्वीं सगळीं हत्यारें जमिनीवर पसरून त्यांचे तीन ढीग करावे: रोज लागणारीं, महिन्यांतून लागणारीं आणि क्वचित् लागणारीं. मग माप घ्यावें. हत्यारांच्या मापानें मांडणी करावी. आधीं मांडणी आणून तींत हत्यारें कोंबूं नयेत.

साधारण घराला चार फूट उंच व अडीच फूट रुंद मांडणी पुरते. दोन चौकटी वर एकमेकींना टेकवाव्या व खालीं फांकवाव्या, म्हणजे दोहों बाजूंनीं उतरतें छप्पर असावें तसा आकार होतो. चौकटी सागाच्या कराव्या. आडव्या दांड्यांना कुसू काढून ते उभ्या दांड्यांच्या भोकांत घट्ट बसवावे. नुसत्या खिळ्यांवर जोडलेली चौकट चाकांच्या हिसक्यांनीं लवकरच खिळखिळी होते. बाजूंना प्लायवुडच्या फळ्या लावाव्या. त्यांतील पातळ थरांचे तंतु एकमेकांशीं आडवे-उभे असल्यामुळें ती फळी सहसा पीळ खात नाहीं. तळाला चार चाकें असावीं; त्यांपैकीं दोहोंना अटकाव हवा.

आतां तोलाची गोष्ट. गुरुत्वमध्यांतून सोडलेला ओळंबा तळाच्या आंत पडतो तोंपर्यंतच वस्तु उभी राहते. चाकांमधील अंतर १८ इंच आहे असें धरूं. गुरुत्वमध्य जमिनीपासून १६ इंचांवर असेल तर मांडणी सुमारें २९ अंश कलेपर्यंत सांवरते. तोच ३० इंचांवर गेला तर १७ अंशांतच उलथते. म्हणून जड तें खालीं, नेहमींचें मध्यें आणि धारदार तें वर, हा नियम ठेवावा. खिळ्यांचे डबे, पान्हे व भोकें पाडण्याचें यंत्र तळाशीं. हातोडी, पेचकस व गुण्या मध्यें. पटाशा व करवती लहान मुलांच्या हातांपलीकडे, तोंडावर लांकडी झांपण घालून ठेवाव्या.

प्रत्येक हत्यार फळीवर धरून त्याच्याभोंवतीं पेन्सिलीनें रेघ ओढावी व आंतील भाग रंगवून टाकावा. सायंकाळीं एक नजर टाकली कीं रिकामी आकृति आपण होऊन सांगते, पकड अजून बाहेर आहे! हत्यारांचीं नांवें ठाऊक नसलेलें मूलही आकृति पाहून वस्तु जागेवर ठेवूं शकतें.

गॅरेजचे कांहीं धोकेही ध्यानांत ठेवावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षां जड असल्यामुळें जमिनीलगत सांचते. म्हणून विजेचीं बटणें उंचावर असावीं, आणि धार लावतांना ठिणग्या उडणार असतील तर मोटार व पेट्रोल बाहेर ठेवावें. दार लावून इंजिन चालूं ठेवूं नये; त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो जीव घेतो. जवसाच्या तेलाचे चोळामोळा केलेले बोळेही तसेच फसवे. तें तेल वाळतांना उष्णता निर्माण होते व बोळा आपोआप पेटूं शकतो. ते उघड्यावर पसरून वाळवावे, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यांत झांकून ठेवावे.

गंजाला पाणी व हवा दोन्हीं लागतात. मृगापूर्वीं प्रत्येक लोखंडी अंगाला तेलाचा पातळ हात द्यावा, आणि मांडणी ओल येणाऱ्या भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी.

इतकें केलें म्हणजे खंडेनवमीस हत्यारें शोधावीं लागणार नाहींत. खुर्चीचा पाय निखळला तर घरांतील मुलगा किंवा मुलगी स्वतःहून हातोडी आणील, आणि काम संपल्यावर तिच्या आकृतींत परत ठेवील. पुढल्या पिढीच्या हातीं हत्यारें द्यावयाचीं तर तीं अशींच, चालत्या संवयीसह द्यावीं. नुसतें लोखंड देऊन कांहीं उपयोग नाहीं.