तळहाताचे औषध



आजचा विषय आहे मालिश. कवितेच्या माणसाने या विषयावर काय बोलावे, असे कुणालाही वाटेल. मी वैद्य नाही, डॉक्टर नाही, पैलवान तर मुळीच नाही. पण शब्दांत वावरणारा माणूस आहे, आणि या विषयातले शब्द फार बोलके आहेत. 'मालिश' आपल्याकडे फारसीतून आली. 'अभ्यंग', 'मर्दन', 'संवाहन' हे संस्कृतातले. आणि घरातले शब्द पाहा: चेपणे, दाबणे, चोळणे, रगडणे. आपण पाय चेपतो, खांदे दाबतो, बाळाला चोळतो आणि पैलवानाला रगडतो. बाळाला कुणी रगडत नाही आणि पैलवानाला नुसते चोळून भागत नाही. मालिशचे प्रकार कोणते, हे पुस्तकाआधी आपल्या भाषेनेच सांगून ठेवले आहे.

यातला एक शब्द तर सातासमुद्रापार गेला. हिंदीत दाबण्याला 'चांपना' म्हणतात. त्यावरूनच 'चंपी', आणि त्यावरूनच इंग्रजांचा 'शाम्पू'. आज शाम्पू म्हटले की फेसाची बाटली आठवते, पण मूळ अर्थ अंग चेपणे हाच. हा शब्द विलायतेत घरोघरी पोचवणारा माणूस होता शेख दीन महंमद. जन्म पाटण्याचा, १७५९ चा. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत राहिला, पुढे आयर्लंडला गेला आणि १७९४ मध्ये त्याने आपल्या प्रवासाचे पुस्तक इंग्रजीत छापले. १८१० मध्ये लंडनमध्ये त्याने भारतीय पद्धतीचे भोजनगृह काढले, ते चालले नाही. मग ब्रायटनच्या समुद्रकिनारी त्याने वाफेचे स्नान आणि चंपीचे दुकान थाटले. त्याची कीर्ती इतकी झाली, की राजा चौथा जॉर्ज आणि त्याच्या पाठचा चौथा विल्यम या दोघांनी त्याला आपला चंपीवाला नेमले. राजाच्या अंगाला हात लावण्याचा मान पाटण्याच्या माणसाला मिळाला, तो या विद्येमुळे.

आता आपल्या घरात येऊ. माणसाच्या वाट्याला येणारी पहिली मालिश बाळपणाची. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या जेऊरला माझ्या लहानपणी हे काम करणाऱ्या एक आक्का होत्या. आमच्या मोहल्ल्यात त्या येत, वाड्यावर जात आणि वस्तीतही जात. टाळूवर तेल घालायचे, पाय लांब पसरून त्यावर बाळाला पालथे घ्यायचे, पाठीवरून वरून खाली हात फिरवायचा, मग ऊन पाणी आणि दुपट्यात घट्ट गुंडाळणे. बाळ रडून रडून झोपी जाई. माझी अम्मा म्हणे, "आक्का, जरा हळू, नाजूक आहे लेकरू." आक्का म्हणत, "भाभी, तुमचा थोरला याच हाताखालून गेलाय. बघा कसा पळतोय." तो थोरला म्हणजे मी.

आक्कांच्या या विद्येची पुढे प्रयोगशाळेत परीक्षा झाली. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या टिफनी फील्ड यांनी दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना दिवसातून तीन वेळा, पंधरा पंधरा मिनिटे, दहा दिवस हळुवार मालिश करवली. त्या बाळांचे वजन इतर बाळांपेक्षा ४७ टक्के जास्त वाढले. २००० मध्ये दिल्लीतल्या संशोधकांनी १२५ बाळांवर वेगवेगळी तेले वापरून पाहिली, त्यात तिळाचे तेल उजवे ठरले. वाढ चांगली झाली आणि मालिशनंतर बाळे जास्त वेळ झोपली. २००५ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयातल्या डॉक्टरांनी खोबरेल तेलाचाही असाच चांगला गुण नोंदवला.

मात्र आक्कांच्या हातातल्या सगळ्याच रीती उचलू नयेत. बाळाच्या नाकात-कानात तेल सोडणे धोक्याचे आहे. नाकातले तेल फुप्फुसात उतरले तर न्यूमोनिया होतो. नवजात बाळाची छाती पिळण्याची चाल तर साफ सोडून द्यावी, तिथे गळू होते. नाक चिमटीत धरून ते सरळ होत नाही आणि डोके दाबून गोल होत नाही. टाळूवर तेल लावावे, दाब देऊ नये.

दुसरी मालिश तालमीतली. जोर-बैठका झाल्या, लढती झाल्या, की पोरे जोडीने बसतात आणि एकमेकांचे अंग रगडतात. पोटऱ्या, मांड्या, पाठ, खांदे. इथे पैसे नाहीत, मानपान नाही. आज मी तुला रगडतो, उद्या तू मला. ज्याच्याशी आताच मातीत झुंजलो, त्याच्याच हाताखाली अंग सैल सोडायचे, हा तालमीचा मोठा धडा आहे. रगडल्याने अंगातले आम्ल निघून जाते, असे पूर्वी म्हणत. २०१२ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी व्यायामानंतर मालिश केलेल्या स्नायूंचे नमुने तपासले. आम्लात काही फरक पडला नव्हता, पण स्नायूंतला दाह कमी झाला होता. म्हणजे कारण चुकले होते, गुण खरा होता.

तिसरी मालिश काशाच्या वाटीची. तळपायाला तूप किंवा तेल लावायचे आणि वाटीच्या बुडाने गोल गोल घासायचे. भर उन्हाळ्यात, ताप येऊन गेल्यावर, डोळे जळजळत असले की घरोघर ही वाटी निघे. पाय काळे होतात, तेव्हा "बघा, केवढी उष्णता निघाली," असे म्हणतात. काळेपणा उष्णतेचा नाही. कासे म्हणजे तांबे आणि कथील, तेलात घासले गेले की त्याचा काळा थर येतो. पण तळपाय घासल्यावर जी गाढ झोप लागते, ती मात्र खरी. आता शहरांतून काशाच्या थाळीची यंत्रे आली आहेत. पाय ठेवा, बटण दाबा. बरे वाटते, नाही असे नाही. पण यंत्र मध्येच थांबून "दुखतंय का रे?" असे विचारत नाही.

चौथा प्रकार आपण सगळ्यांनीच केला असेल. वडील कामावरून दमून येत, पालथे पडत आणि म्हणत, "जरा पाठीवर पाय दे." आम्ही भिंत धरून त्यांच्या पाठीवरून चालायचो. माझे वडील शिवणकाम करीत, दिवसभर मशिनवर वाकून त्यांची पाठ दगडासारखी होई. उसण भरली की पायाळू माणूस शोधून त्याची लाथ खाण्याचा उपाय तर अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. लाथेने उसण जाते की नाही, हे सांगणे कठीण. पण त्या निमित्ताने गावातल्या पायाळू माणसाला जो भाव येई, तो पाहण्यासारखा असे.

मालिशला मोठ्या ग्रंथांत जागा आहे. चरकाने रोजच्या दिनचर्येत अभ्यंग सांगितला. डोके, कान आणि तळपाय यांना तरी तेल लागलेच पाहिजे, असा आयुर्वेदाचा आग्रह. दिवाळीत नरक चतुर्दशीला पहाटे तेल-उटणे लावून आपण जे अभ्यंगस्नान करतो, ती याच दिनचर्येची वर्षातून एकदा उरलेली खूण. युनानी वैद्यकात मालिशला 'दलक' म्हणतात. इब्न सीना हा दहाव्या-अकराव्या शतकातला थोर हकीम. त्याने आपल्या 'कानून' या ग्रंथात दलकचे प्रकार पाडले. कठीण मालिशने अंग घट्ट होते, मऊ मालिशने सैल पडते, फार केली तर माणूस वाळतो, बेताची केली तर अंग भरते. म्हणजे चोळणे आणि रगडणे यांतला जो फरक आमच्या आक्कांना ठाऊक होता, तोच बुखाऱ्याकडच्या हकिमालाही.

बाहेरच्या जगात आणखी प्रकार आहेत. केरळात कोमट तेलाची धार धरून अंग चोळतात आणि कळरीचे गुरू पायानेही मालिश करतात. स्वीडिश म्हणून जी ओळखली जाते, तिच्यात लांब हात फिरवणे, मळणे, घासणे, थापटणे आणि थरथरवणे अशा पाच रीती आहेत. थायलंडची मालिश बिनतेलाची, अंगाला ताण देणारी. २०१९ मध्ये युनेस्कोने तिला मानवजातीच्या वारशात स्थान दिले. जपानमध्ये तर अंध माणसांनी शतकानुशतके मालिशचा व्यवसाय सांभाळला.

याचा फायदा होतो कसा? दाबाने रक्त खेळते, आखडलेले स्नायू सैल होतात, हे आहेच. शिवाय आपल्या त्वचेत अशा मज्जातंतू आहेत, की ज्या फक्त हळू फिरणाऱ्या हाताला जाग्या होतात. सेकंदाला साधारण एक ते दहा सेंटिमीटर, एवढाच त्याचा वेग. आजीचा हात नातवाच्या पाठीवरून त्याच वेगाने फिरतो. तिला कुणी मोजून दिलेला नसतो.

पथ्यही ऐका. एकाच पोटरीला सूज आली, ती लाल आणि गरम झाली, तर ती रगडू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते, ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जातो. हाड मोडल्याची शंका असेल, ताप असेल, कातडीवर जखम असेल, तर मालिश नको. पडल्या-झडल्यावर आधी एक्स-रे, मग तेल. मधुमेह असलेल्यांच्या पायांची जाणीव कमी झालेली असू शकते, त्यांचे पाय फार जोराने किंवा फार गरम तेलाने चोळू नयेत.

श्रोतेहो, जेऊरची म्हणून एक मालिश आहे. त्र्यंबकेश्वरहून निघणारी संत निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरला जाताना आमच्या गावी मुक्काम करते. साधारण तीन आठवडे चालून आलेले पाय असतात ते. टाचांना भेगा, बोटांना फोड, पोटऱ्यांत गोळे. गावातले नाभिक बांधव, पोरेसोरे तेलाच्या बाटल्या घेऊन बसतात. तरुणपणी मीही बसलो आहे. एका म्हाताऱ्या वारकऱ्याचा उजवा पाय मी मांडीवर घेतला होता. त्यांनी नाव विचारले. मी सांगितले. आजूबाजूचे दोघे-तिघे माझ्याकडे पाहू लागले. म्हातारबाबांनी डावा पायही पुढे केला आणि म्हणाले, "मग हाबी घे माऊली. दोन्हीतबी एकच कळ हाय." पाय चेपून झाल्यावर ते उठले आणि मी मागे सरण्याआधी माझ्याच पायांना त्यांनी हात लावला. वारीची रीतच ती आहे. ज्याचे पाय चेपले, तो तुमच्या पाया पडतो. सेवा करणारा खाली आणि करून घेणारा वर, असे तिथे राहतच नाही.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षी पायी वारी झाली नाही, पादुका वाहनाने पंढरीला गेल्या. स्पर्श हीच भीती झाली होती. सलूने बंद, तालमी बंद, बाळंतिणीच्या घरी बाहेरची बाई नको. त्या आषाढात गावात तेल होते, हात होते, चेपायला पाय नव्हते. माणसाच्या हाताला काय मोल आहे, ते तेव्हा कळले.

पण ज्यांचे हात या कामात झिजले, त्यांचे काय? आमच्या आक्कांनी गावातल्या दोन पिढ्या पायांवर घेतल्या. म्हातारपणी त्यांची बोटे वाकडी झाली, अंगठा मिटेना. मोबदला म्हणून त्यांना मिळाले ते लुगडे, खण-नारळ, पायलीभर ज्वारी आणि ईदेला आमच्याकडचा शिरखुर्मा. मोठ्या हॉटेलांतून याच कामाचे तासाला हजारो रुपये मोजतात. १९५७ च्या 'प्यासा'त जॉनी वॉकर यांनी तेलमालिशवाला अब्दुल सत्तार उभा केला, रफीसाहेबांनी त्याला आवाज दिला. आपण ते गाणे आजही गुणगुणतो, पण खऱ्या मालिशवाल्याचे नाव आपल्याला ठाऊक नसते. आक्कांच्या बोटांना शेवटच्या दिवसांत माझी अम्मा तेल चोळत असे. "आता तुमची पाळी, आक्का," म्हणे. गावात तेवढा एकच हिशेब मला चुकता झालेला दिसला.

तेव्हा एवढेच सांगतो. तुमच्या घरात कुणी मालिशवाली बाई येत असेल, तर तिचा मोबदला ठरवताना घासाघीस करू नका. घरात म्हातारे माणूस असेल, तर आज रात्री वाटीभर तेल कोमट करा आणि दहा मिनिटे त्यांचे तळपाय चोळा. कुठली मालिश, कुठल्या देशाची, हे विचारत बसू नका. फक्त मधून मधून विचारा, "दुखतंय का?"

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)