चाक फिरतंय, तोवर थांबा

 

आज माझ्याच एका चुकीची गोष्ट सांगते. मागच्या उन्हाळ्यात उडदाची डाळ घ्यायला मी आणि आमच्या गटाच्या खजिनदार ताई आठवडी बाजारला गेलो. गटाने डाळीसाठी दिलेले पैसे ताईंच्या खात्यावर होते. बिल झालं ४,२०० रुपये. ताईंनी फोन माझ्या हातात दिला. मी कोड स्कॅन केला, पिन टाकला, आणि पडद्यावर चाक फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय... मला वाटलं, गेले नाहीत पैसे. मी मागे जाऊन पुन्हा पाठवले. घरी येऊन बघतो तर ८,४०० गेलेले!

दुकानदार भला माणूस. पुढच्या बाजारी खातं बघून त्यांनी पैसे परत केले. पण मधल्या आठ दिवसांत गटाचा हिशोब जुळेना, बायकांत कुजबुज सुरू झाली, आणि ताई रडकुंडीला आल्या. चूक माझी, पण संशय त्यांच्यावर. तेव्हा मी ठरवलं, हे चाक का फिरतं ते समजून घ्यायचंच.

पावसाळ्यात वीज आधी चमकते आणि गडगडाट मागून येतो, हो ना? आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. उजेड मात्र एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जातो. आपल्या फोनचा निरोप टॉवरपर्यंत हवेतून याच वेगाने जातो. पुढे बहुतेक वाट काचेच्या केसासारख्या बारीक तारेतून असते. गावात रस्त्याकडेला चर खणून घालतात ना, तीच केबल. त्या काचेतून उजेड थोडा हळू जातो, सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर.

आता हिशोब करा. मुंबई ते दिल्ली रेल्वेने साधारण १,४०० किलोमीटर. तेवढ्या लांब तारेतून जाऊन परत यायला सेकंदाचा सत्तरावा भाग लागतो. पापणी लवायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो!

अंतराने उशीर होतच नाही असं नाही. टीव्हीवर बातम्या बघताना स्टुडिओतून प्रश्न विचारतात आणि बातमीदार क्षणभर नुसताच उभा राहतो, बघितलंय ना? पुष्कळदा ते बोलणं उपग्रहावरून येतं. तो उपग्रह जमिनीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर वर. वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, आणि उत्तर यायला आणखी पाव. झाला अर्धा सेकंद.

मग बाजारात आपलं चाक वीस-वीस सेकंद का फिरतं? अंतरामुळे नाही, मैत्रिणींनो, थांब्यांमुळे! एसटी रस्त्यावर जोरात पळते, वेळ जातो तो थांब्यांवर. आपला निरोप आधी टॉवरला जातो. बाजाराच्या दिवशी सगळा गाव त्याच टॉवरवर, तिथे रांग. रेंज कमी असली की निरोपाचा तुकडा वाटेत हरवतो आणि तो पुन्हा पाठवावा लागतो. मग ॲपचा मोठा संगणक, मग सगळ्या बँकांना जोडणारी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन. मग आपली बँक पिन आणि शिल्लक तपासते, समोरच्याची बँक पैसे जमा करते, आणि ‘झालं’ हा निरोप उलटा आपल्याकडे निघतो. यातला एक थांबा जरी अडला तरी चाक फिरत राहतं.

म्हणजे चाक फिरतंय याचा अर्थ ‘पैसे गेले नाहीत’ असा नाही. अर्थ एवढाच, की उत्तर अजून वाटेत आहे. कधी पैसे पोचलेले असतात, फक्त उत्तर यायचं राहिलेलं असतं. माझं तेच झालं होतं.

म्हणून आमच्या गटाने नियम केलाय. चाक फिरतंय तोवर दुसऱ्यांदा पाठवायचं नाही. आधी ॲपमधला जुना व्यवहार उघडून बघायचा, खात्यातली शिल्लक बघायची, दुकानदाराला त्याच्या खात्यावर बघायला सांगायचं. ‘पेंडिंग’ दिसलं तर व्यवहार क्रमांक वहीत लिहून घ्यायचा आणि घाई असेल तर दुकानदाराशी बोलून ठरवायचं. आपण विकायला बसलो असू तर गिऱ्हाइकालाही हेच सांगायचं.

पैसे कापले आणि समोर पोचलेच नाहीत, तर रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. यूपीआयने माणसाला पाठवलेले पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि दुकानात दिलेले पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्याहून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. पण लक्षात ठेवा, आपणच दोनदा पाठवले आणि दोन्ही पोचले, तर हा नियम कामाला येत नाही. मग सगळं समोरच्याच्या चांगुलपणावर.

या बैठकीत हे सगळ्यांना सांगा. विशेषतः खजिनदार ताईंच्या शेजारी बसून सांगा. हिशोबात फरक दिसला, तर कुणावर बोट दाखवायच्या आधी फोनमधले व्यवहार एकत्र बसून बघा. पैसे परत मिळतात हो, पण गटातला विश्वास गेला तर परत यायला फार वेळ लागतो.

येते मग. नमस्कार!