राजाची चाकरी सोडणारा वादक

फ्रान्सच्या राजाकडे व्हायोलिनवादकाची नेमणूक झाली, की त्याचं भलं झालं, असं आपल्याला वाटतं. जाँ-मारी लक्लेरचं आयुष्य वेगळं सांगतं. लिओं शहरातल्या लेस विणणाऱ्या कारागिराचा हा मुलगा. नर्तकही होता आणि वादकही. यात नवल नाही. फ्रान्समध्ये व्हायोलिन बरंचसं नाचाच्या साथीलाच वाजे. 1733 मध्ये पंधराव्या लुईनं त्याला दरबारी नेमलं. आणि 1737 मध्ये त्यानं ती चाकरी सोडली!

कारण होतं वादकवृंदाचं नेतृत्व. प्रतिस्पर्धी होता दरबारातलाच व्हायोलिनवादक गिन्यों. दोघांनी आळीपाळीनं प्रमुख व्हावं, असं ठरलं. पण गिन्योंच्या पाळीत लक्लेरला दुय्यम जागा नको होती. कुणी म्हणेल, हा नुसता अहंकार. थोडा असेलही. पण दरबारात बसायची जागा हीच वादकाची पत असे. शिवाय त्याच्यापाशी दुसरा आधार होता. त्याचे सोनाटा छापले गेले होते. पुढे हॉलंडमध्ये ऑरेंज घराण्याच्या ॲननं त्याला आश्रय दिला. म्हणजे पुन्हा दरबारच, हे खरं. पण तिथं तो वर्षातले काही महिनेच असे. चाकरी सोडली, तरी वादकाचं काम थांबलं नाही. 1746 मध्ये पॅरिसला त्याचा ऑपेराही रंगमंचावर आला. त्याचे सोनाटा आजही वाजवले जातात. जरूर ऐका.