खुंटीवरची बंदूक

तुमच्या घरी बंदूक आहे का? बहुधा नसेल. माझ्या घरी आहे. ठासणीची, एकनळी. वडिलांच्या वेळी ती माजघरात खुंटीला असे. त्यांच्यामागून परवाना माझ्या नावावर झाला.

बंदूक म्हटली की दरोडेखोर नाही तर शिकारी तुमच्या डोळ्यांपुढे येईल. आमच्या कोकणात ती कोयती-फावड्याच्या रांगेतली. भात पोटरीला आलं की डुकरांचा कळप उतरतो आणि तीन महिन्यांची मेहनत एका रात्रीत तुडवून जातो. पत्र्याचे डबे बडवा, माळ्यावर बसून हाळ्या घाला. दोन रात्री डुकरं दबतात. तिसऱ्या रात्री ओळखतात, हा नुसताच आवाज! मग एखादा बार काढावा लागतो.

असं हत्यार लोकांच्या हाती असावं की नसावं, हा वाद तुम्हीही ऐकला असेल. एक म्हणतो, सगळ्या बंदुका सरकारजमा करा. दुसरा म्हणतो, बंदूक हा नागरिकाचा हक्कच आहे. मी बंदूकवाला, तेव्हा दुसऱ्याची री ओढीन असं तुम्हाला वाटेल. जरा थांबा.

हा वाद जुना आहे. लॉर्ड लिटनच्या अमदानीत १८७८ साली शस्त्रांचा कायदा झाला. हिंदी माणसाला परवान्याची सक्ती आणि युरोपियनाला माफी! तो सल खोल होता. म्हणून १९३१ च्या कराची ठरावातील मूलभूत हक्कांत, नियमांच्या अधीन राहून, शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. पुढे घटना समितीत ह. वि. कामथ यांनी डिसेंबर १९४८ मध्ये तो घटनेत घालण्याची दुरुस्ती सुचविली. डॉ. आंबेडकरांनी ती मानली नाही. मूलभूत हक्क एकदा दिला की तो सराईत गुन्हेगारालाही मिळेल, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. दुरुस्ती फेटाळली गेली.

त्यानंतर १९५९ चा कायदा आला. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागितली आणि नाकारण्याजोगं कारण नसलं, तर परवाना द्यावा, असं त्यात आहे. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्यावरून परवाना नाकारू नये, असंही आहे. म्हणजे बंदूक हा मूलभूत हक्क नव्हे, पण कुणाची मेहेरबानीही नव्हे. मला ही वाट पटते.

का पटते, ते सांगतो. भाद्रपदातली काळोखी रात्र होती. बांधापलीकडं काहीतरी खसफसलं. मी घोडा ओढला, बोट चापावर नेलं. तेवढ्यात खोकला ऐकू आला. शेजारचे आबा! त्यांचं वासरू सुटलं होतं, ते शोधायला निघाले होते आणि वाटेत कंदील विझला होता. “अरे, मी रे मी!” आबा म्हणाले. मी मटकन खाली बसलो. परवाना माझ्या खिशात होता, कागद सगळे चोख होते. तरी आबा वाचले ते एका खोकल्यानं. आणि मीही वाचलो.

दुसऱ्या दिवशी बंदूक खुंटीवरून उतरली आणि कुलपाच्या पेटीत गेली. दारू वेगळी, केपा वेगळ्या. जनावर स्वच्छ दिसल्याखेरीज चापाला बोट लावायचं नाही, हा माझा मलाच घातलेला कायदा. सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाची तरतूद २०१६ च्या शस्त्र नियमांत आली, तेव्हा पुष्कळांना ती कटकट वाटली. मला वाटलं, हे आधी व्हायला हवं होतं. २०१९ च्या दुरुस्तीनं माणशी तीन बंदुकांच्या दोन केल्या. लग्नावरातीत बेफिकीर बार काढून लोकांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या. ठीकच केलं.

पण आमचंही थोडं ऐका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळं बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याचा परवाना नव्हे. रास्त आहे, मनाला येईल तसं मारत सुटलो तर रान ओसाड होईल. मात्र परवानगीचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर जातो, आणि डुकराला टेबल लागत नाही. तीच गोष्ट निवडणुकीची. सरसकट साऱ्यांच्या बंदुका जमा करू नयेत, माणूस पाहून, छाननी करून ठरवावं, असं मुंबई उच्च न्यायालयानं २००९ साली गोव्यातल्या एका प्रकरणात सांगितलं. आमचंही मागणं तेवढंच. कायदा सैल नको, डोळस हवा. हत्यार कुणाच्या हाती आहे ते त्यानं नीट पाहावं, आणि पाहिल्यावर त्या माणसाला ताटकळत ठेवू नये.

आबा आता थकले आहेत. तरी अजूनही काळोख पडल्यावर माझ्या बांधावरून जाताना ते मुद्दाम खोकतात. आणि मी माळ्यावरून ओ देतो.