द्रावण आणि गाळ यांच्या मधला मुलूख



शालेय पुस्तकांत मिश्रणांचे समांगी आणि विषमांगी असे दोन विभाग मुक्रर केलेले असतात. पाण्यात विरघळलेले मीठ पहिल्यात मोडते, पाण्यात ढवळलेली वाळू दुसऱ्यात. येथवर वाद नाही. परंतु दुधाची गणना कोठे करावयाची, असे कोणी पुसले म्हणजे ही वाटणी तोकडी पडते. कारण डोळ्यांना सर्वत्र एकरूप भासणारे दूध सूक्ष्मदर्शकाखाली ठेवताच त्यात तरंगणारे स्निग्धांशाचे असंख्य गोलक दिसू लागतात.

या मधल्या मुलखाची पद्धतशीर पाहणी प्रथम केली ती ब्रिटिश सरकारच्या टांकसाळीचे मुख्याधिकारी असलेले रसायनशास्त्रज्ञ टॉमस ग्रॅहॅम यांनी. चर्मपत्राच्या पडद्यातून साखर व मीठ पार होतात, सरस मात्र अडून राहतो, हे ताडून त्यांनी १८६१ साली अशा पदार्थांचा जो निराळा वर्ग केला, त्यालाच आपण कलिल म्हणतो. कलिलातील कण मिलिमीटरच्या दशलक्षांशापासून सहस्रांशापर्यंतचे असतात, आणि मला वाटते, मिश्रणांचे वर्गीकरण शिकविताना या आकारमानापासूनच आरंभ करावा.

त्यापूर्वी चार वर्षे, १८५७ साली, मायकेल फॅरडे यांनी सोन्याच्या क्षारावर फॉस्फरसची क्रिया घडवून माणकाच्या रंगाचा एक पारदर्शक द्रव सिद्ध केला होता. तो दिसावयास निव्वळ द्रावण. पण प्रकाशाचा झोत त्यातून सोडला की त्याची वाट आतल्या आत उजळून निघे, आणि त्यावरून सोने विरघळले नसून अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने विखुरलेले आहे, हे त्या थोर संशोधकाने ओळखले. त्यांच्या या द्रवाच्या कुप्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जतन केलेल्या आहेत.

पावसाळ्यात नदीचे गढूळ पाणी रात्रभर ठेवूनही पुरते निवळत नाही, याचा खुलासाही येथेच मिळतो. मातीच्या सूक्ष्म कणांवर ऋण विद्युत्‌भार असल्यामुळे ते परस्परांना दूर सारतात व तळ गाठीत नाहीत. तुरटी फिरविली म्हणजे तिच्यातील ॲल्युमिनियमचा धन भार त्या ऋण भाराचे निरसन करतो, कण एकत्र येतात आणि जड होऊन खाली बसतात. नदी सागरास मिळते तेथे खाऱ्या पाण्यातील क्षार हेच कार्य करतात, आणि मुखाशी साचणाऱ्या गाळाच्या भूमीत त्यांचाही वाटा असतो.