पुळणीवरची रात्र

(संघटनेच्या मेळाव्यात एका मैत्रिणीने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला ‘बायका आणि प्रवास’ या विषयावर बोलायला सांगितलंय. मी काही मोठी प्रवासी नाही. आयुष्यभर लोकांचे हिशेब तपासले. गेली सत्तावीस वर्षं अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा शहरात राहते. तेव्हा प्रवासवर्णन नको, एका बेटावर काढलेल्या दोन रात्रींबद्दल बोलते. त्यातली पहिली रात्र सांगायला मला अजून थोडी लाज वाटते.

आधी माहेरचं सांगते. माझं माहेर हर्णैजवळच्या एका गावात. घरापासून समुद्र दहा मिनिटांवर. उन्हाळ्यात माझे दोघे भाऊ चटया काखोटीला मारून पुळणीवर झोपायला जायचे. मी मागे लागले की आजी म्हणायची, “बायकांच्या जातीनं तिन्हीसांजेनंतर पुळणीवर जायचं नाही, गिऱ्हा धरतो.” भावांना का धरत नाही, असं मी एकदा विचारलं. उत्तर मिळालं नाही, पाठीत धपाटा मिळाला. गाज ऐकत मी माजघरात झोपले, लग्न होईपर्यंत.

मार्च 2019 मध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, आम्ही तिघीजणी कम्बरलँड बेटावर गेलो. एक मी, एक नागपूरची मैत्रीण, रात्रपाळ्या करून करून निवृत्त झालेली नर्स, आणि तिसरी आमच्या वाचनालयातली ग्रंथपाल, अटलांटातच वाढलेली कृष्णवर्णीय बाई. तंबू ठोकायचा अनुभव फक्त तिला. आम्हा दोघींना मांडव घालणारे पाहिल्याचा अनुभव. (हशा)

हे बेट जॉर्जियाच्या दक्षिण टोकाला आहे. अशा बेटांना तिकडे ‘बॅरियर आयलंड’ म्हणतात. किनाऱ्याला समांतर, आडवं पडलेलं वाळूचं लांबट बेट. बाहेरच्या अंगाला खुला समुद्र, आतल्या अंगाला खाडी आणि मैलच्या मैल खाजण. वादळ आलं की पहिला मारा बेटानं खायचा, मागचा मुलूख त्यातल्या त्यात वाचतो. इथे बाईची उपमा द्यायचा मोह होतोय. नाही देत. आपण फार वर्षं त्या उपमा ऐकल्यात.

कम्बरलँड सुमारे 28 किलोमीटर लांब आहे. पूल नाही. सेंट मेरीज नावाच्या गावातून लाँच सुटते, पाऊण तास लागतो. 1972 साली तिथे राष्ट्रीय संरक्षित किनारा झाला, 1982 साली उत्तरेकडचा मोठा भाग अरण्य म्हणून राखला गेला. 1984 च्या आराखड्यात दिवसाला 300 माणसांची मर्यादा घातली गेली. बेटावर दुकान नाही. मीठ विसरलात तर अळणी खायचं. कचरा झाला तर पाठीवर घेऊन परत यायचं. धक्क्याजवळ नळ-संडास असलेली एक तंबूची जागा आहे, पण आम्ही घेतली होती ती अरण्यातली, हिकरी हिल नावाची, धक्क्यापासून साडेपाच मैल, म्हणजे नऊ किलोमीटर आत. तिथे संडास नाही, दिवा नाही, चूल पेटवायला परवानगी नाही. छोटा गॅसचा स्टोव्ह न्यायचा. विहिरीच्या पाण्याला गंधकाचा वास, तेही शुद्ध करूनच प्यायचं. खाण्याची पिशवी झाडाला उंच टांगायची, नाहीतर रात्री रॅकून येतात. मांजरापेक्षा थोराड, पण हात माणसाचे. बरणीचं झाकण फिरवून उघडतात.

आणि विधीसाठी खुरपं. सहा ते आठ इंच खड्डा खणायचा, पाण्यापासून आणि तंबूपासून लांब, नंतर माती ओढायची. हे तुमच्यासमोर सांगताना मी ओशाळते. या सभागृहात अशा मैत्रिणी आहेत, ज्यांनी वर्षानुवर्षं अंधाराची वाट पाहत पोटातली कळ दाबून धरली. त्यांचा तो नाइलाज होता. आम्ही आगाऊ नोंदणी करून, पैसे भरून, हौसेनं गेलो. खुरपं तेच असलं तरी गोष्ट एक नाही, हे मला माहीत आहे.

निघताना नवऱ्यानं विचारलं, “बरोबर कोण आहे?” मी दोघींची नावं सांगितली. तो म्हणाला, “ते कळलं, पण बरोबर कोण आहे?” माणूस वाईट नाही हो. त्यानं माझी पिशवी भरून दिली. वर स्वतःचं जाकीट घातलं, थंडीसाठी. आणि बाजूच्या कप्प्यात तिखटाचा फवारा. तिकडे अस्वलं आहेत का, मी विचारलं. तो म्हणाला, “अस्वलांसाठी नाही.”

बेटावर खरंच अस्वलं नाहीत. मगरी आहेत, फुरसं परवडलं असे खुळखुळ्या शेपटीचे साप आहेत, गोचिड्या आहेत, आणि सुमारे दीडशे रानटी झालेले घोडे. ओकची झाडं आडवी पसरलेली, फांद्यांवरून करड्या शेवाळाच्या जटा लोंबताहेत, खाली खुरट्या ताडांची दाटी. पाठीवर बारा किलो घेऊन आम्ही त्यातून चाललो. दर वीस मिनिटांनी बसत होतो. अशाच एका बसण्यात ग्रंथपाल मैत्रिणीनं झॅबेटची गोष्ट सांगितली.

एलिझाबेथ बर्नार्डी, तिला झॅबेट म्हणत. एकोणिसाव्या शतकात या बेटावर रॉबर्ट स्टॅफर्ड नावाच्या मळेवाल्याचा कापसाचा मोठा कारभार होता, शेकडो गुलामांच्या जिवावर. झॅबेट गुलाम होती, सुईणपण आणि शुश्रूषा करणारी. स्टॅफर्डपासून तिला सहा मुलं झाली. मुलांना त्यानं उत्तरेला कनेटिकट राज्यात नेऊन ठेवलं, ती तिथे वाढली. या नात्याला काय म्हणायचं यावर पुस्तकं लिहिली गेली. मैत्रीण एवढंच म्हणाली, “तिला कुणी विचारलं नव्हतं, हे धरून चाला, मग पुढचं वाचा.” पुढे कार्नेगी घराण्यानं बेटाचा बहुतेक भाग घेतला. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीचा भाऊ टॉमस 1886 मध्ये वारला आणि त्याच्या विधवेनं, ल्यूसीनं, नऊ मुलांसह इथे राज्यच केलं म्हणा. तिचा डन्जनेस वाडा 1959 साली जळाला, भिंती उभ्या आहेत, आत घोडे चरतात. लोक वाड्याचे फोटो काढतात. गुलामांच्या खोपटांच्या उरल्या त्या चुलींच्या चिमण्या.

आणि उत्तर टोकाला कॅरल रुक्डेशेल. शिकली स्वतःच्या हिमतीवर, 1970 च्या दशकापासून बेटावर राहिली. किनाऱ्याला लागलेली मेलेली समुद्री कासवं कापून, मोजून, नोंदी ठेवत आली. मला तिचं नवल कासवांबद्दल वाटलं नाही. रात्रीचं वाटलं. इतक्या रात्री!

आता आमची रात्र. तंबू लागला होता, पिठलं रटरटत होतं, भाकरीऐवजी घरून आणलेल्या दशम्या. अंधार पडायला आला आणि पायवाटेनं एक माणूस आला. गोरा, चाळिशीचा, पाठीवर मोठी पिशवी, एकटा. त्याचीही नोंदणी तिथलीच, पलीकडची जागा. हसून नमस्कार केला आणि विचारलं, “तुम्ही तिघीच का?”

साधा प्रश्न. मी एका श्वासात म्हटलं, “नाही नाही, आमचे नवरे समुद्रावर गेलेत. येतीलच.”

तो गेला त्याच्या जागेवर. नागपूरकरीण माझ्याकडे बघत राहिली. मग आम्ही तो खोटेपणा निभावायला लागलो, कारण एकदा नवरे निर्माण केले की त्यांचं सगळं करावं लागतं. मी जाकीट काढून बाहेर दोरीवर टांगलं. तिनं जास्तीच्या दोन वाट्या मांडल्या. अर्धा तास गेला, नवरे येईनात. त्याचा दिवा झाडांतून दिसत होता. तेव्हा मी काय करावं? रानाकडे तोंड करून, मराठीत, मोठ्यानं हाका मारल्या. “अहो! अहो, आलात का? लवकर या, जेवण निवतंय!”

(हशा)

हसा, मीही हसते आता. पण सत्तावन्न वर्षांची, स्वतः कमावणारी, तुमच्या अंकाची जुनी वर्गणीदार बाई तिकडच्या अंधारात नसलेल्या नवऱ्याला हाका मारत उभी होती.

ग्रंथपाल हसली नाही. तंबूत शिरल्यावर ती म्हणाली, तिची भीती वेगळी होती. तो काही करेल याची नव्हती. आमचं काही खटकून तोच घाबरला असता आणि त्यानं कुणाला बोलावलं असतं, तर आलेल्या माणसांनी त्याचं ऐकलं असतं, तिचं नाही. म्हणून मी ओरडत होते तेव्हा ती मला गप्प कर, गप्प कर अशा खुणा करत होती. मला त्या दिसल्याच नाहीत.

रात्रभर मी फवारा मुठीत धरून पडले. दोनच्या सुमारास तंबूच्या कापडापाशी पावलं वाजली. जड, थांबत थांबत. श्वास ऐकू येत होता. मी झाकणावर बोट ठेवलं. मग बाहेर कुणीतरी खुशाल मुतलं, बादलीभर, आणि गवत ओरबाडून खाऊ लागलं. घोडा. तो घोडा आहे कळल्यावर मला किती हायसं वाटलं! चारशे किलोचं रानटी जनावर उशाशी, आणि मी पाच मिनिटांत घोरायला लागले.

सकाळी त्या माणसाचा तंबू नव्हता. दिवसभर आम्ही कुणालाच दिसलो नाही, कुणी आम्हाला दिसलं नाही. त्या रात्री वाळूच्या टेकड्यांमधून आखून दिलेल्या वाटेनं पलीकडे गेलो. तिथे झोपायची परवानगी नाही, पण बसायला, आडवं व्हायला कोण अडवतंय! मैलोन्‌मैल पुळण, एक दिवा नाही. ओहोटी लागलेली. मी चपला काढल्या, पाठ टेकली. वाळू वरून गार आणि जरा उकरली की आत थोडी ऊबदार, आमच्या हर्णैसारखीच. दुसऱ्या दोघी काहीबाही बोलत होत्या, नंतर त्याही गप्प झाल्या. लाट आली की पाठीखाली जमीन किंचित हलते, हे मला ठाऊक नव्हतं. भावांनी कधी सांगितलं नव्हतं. त्यांना ते सांगण्यासारखं वाटलं नसेल. मी रडले का, असं परवा एकीनं विचारलं. रडले नाही. मला आजीचा राग आला, आणि तिनं तरी कधी पाठ टेकली होती का, हे आठवेना.

तिसऱ्या दिवशी धक्क्यावर लाँचची वाट बघत होतो तर तोच माणूस तिथे. मी नजर चुकवली. तो आपणहून जवळ आला. म्हणाला, “त्या रात्री तुम्ही हाका मारत होता. भाषा कळली नाही, पण कुणीतरी परतलं नाही असं वाटलं. मी टॉर्च घेऊन समुद्रापर्यंत जाऊन आलो. तासभर शोधलं. सापडले का?”

मी म्हटलं, “सापडले.”

म्हणजे दुसऱ्यांदा खोटं. लाँचमध्ये आम्ही तिघीच बसलो, त्याला ते दिसलं असणार. तो काही बोलला नाही. तो भला होता, आणि एक माणूस माझ्यामुळे रात्री अंधारात सापांच्या रानातून हिंडला, ही माझी चूक. पण तो भला आहे हे मला कसं कळायला हवं होतं, याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. आम्ही तिघी अजून यावर भांडतो. नर्स म्हणते, मी पुन्हा तसंच सांगेन. ग्रंथपाल म्हणते, काहीही सांग, फक्त ओरडू नकोस.

2022 पासून आम्ही पुन्हा जायला लागलोय. जाकीट मी आता घरी ठेवते, स्वतःचं घेतलंय. फवारा अजून नेते.